आबा गांबियाला राहायचं म्हणतात

मुरबाड,
११ फेब्रुवारी १९९६

आबा, जयभीम.

काल बाजारात तुमच्या कॉलनीतली रखमीमावशी भेटली. कांदे निवडता निवडता तिनं विचारलं, "केरूभाऊ आफ्रिकेला कवा जातात गो?" मी हसले. वाटलं, भातसानगरात कुणीतरी तुमची थट्टा केली असणार आणि हिनं ती खरी धरली. मग ती म्हणाली की तुमचा पासपोर्ट आलाय, आणि मुंबईला जाऊन तुम्ही पिवळ्या तापाची सुईसुद्धा टोचून घेतलीत. आबा, मी नर्स आहे. पाड्यापाड्यांत लोकांना सुया टोचत फिरते, आणि माझ्या बापाला सुई टोचल्याचं मला कांद्याच्या ढिगापाशी कळावं?

मे अखेरीला तुम्ही रिटायर होणार आणि क्वार्टर सोडावं लागणार, हे मला माहीत आहे. गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, बदल्यात खडकाळ माळ मिळाला, तिथं विहिरीला पाणी लागलं नाही आणि तुम्ही घर बांधलं नाहीत. सगळी नोकरी सरकारी खोलीत काढलीत. मी आपलं धरून चालले होते की रिटायर झाल्यावर तुम्ही आमच्याकडे याल. आई गेल्यापासून हेच धरून चालले आहे. महेंद्रसुद्धा तसंच म्हणतात.

आफ्रिका म्हणजे लखमाकाकांचा गांबियाच असणार, तिथं त्यांच्याशिवाय आपलं कोण आहे? रात्री छातीत दुखलं तर तुम्ही कुणाला आणि कुठल्या भाषेत सांगणार? मला तर नकाशात तो देश शोधून काढायला महेंद्रच्या पुतण्याचं शाळेचं पुस्तक आणावं लागलं. करंगळीएवढा आहे. लगेच उत्तर लिहा, मला झोप नाही.

तुमची संघरत्ना


भातसानगर,
२५ फेब्रुवारी १९९६

संघू,

रखमीला मीच सांगितलं. तिच्या कानावर घातलं की ते तुझ्यापर्यंत पोचणार, एवढं न कळायला मी काय काल कॉलनीत आलो? तुला स्वतः लिहायचा धीर होत नव्हता, म्हणून तिला सांगितलं.

शेणव्याचा लखमा तुला आठवतो, धरणाच्या कामावर क्रेनवर होता तो. तुला खांद्यावर घेऊन सांडवा दाखवायचा. धरण पुरं झाल्यावर तो एका कंपनीबरोबर गांबियाला गेला. तिथं नदीकाठी भातशेतीला पंप बसवायचे होते. कंपनी काम संपवून परत आली, लखमा तिथंच राहिला, लग्न केलं, पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. तो वर्षभर लिहितोय की ये म्हणून. इथं भाड्याची खोली घेऊन एकट्यानं पेन्शनीत राहायचं म्हणजे महिन्याच्या विसाव्या दिवसापासून मीठभाकर. तिथं तेवढ्यातच दोन खोल्या, परसात आंब्याचं झाड, रोजची मासळी, आणि वर काही शिल्लक राहतं म्हणे. त्याच्या घराशेजारचीच जागा रिकामी आहे. लोक दोन्ही वेळा भात खातात. भात खाणारा देश वाईट कसा असेल?

अजून काही ठरलेलं नाही. चारसहा महिने जाऊन बघावं असं मनात आहे. परवडलं आणि मानवलं तर पुढचं पुढे.

तू म्हणशील, आमच्याकडे या. महेंद्ररावांची एस.टी.ची ड्युटी, कधी पहाटे तर कधी मुक्कामी गाडी. तुला कुठल्या पाड्यावरून कधी बोलावणं येईल नेम नाही. त्यात मला कुठं ठेवता? जावयांना माझा नमस्कार सांग.

आबा


मुरबाड,
१७ मार्च १९९६

आबा, जयभीम.

तुम्हाला कुठं ठेवता, याचं उत्तर तयार आहे. महेंद्रनी मागची खोली रिकामी केली, चुना मारला, खिडकीला डासांची जाळी बसवली. खिळे ठोकताना अंगठ्यावर हातोडी मारून घेतली आणि आता डेपोत सगळ्यांना सांगत फिरतात की सासऱ्यांसाठी रक्त सांडलं. ड्युटीची अडचण सांगू नका. आम्ही दोघं घरात नसतो म्हणून तर घरात कुणीतरी हवं.

लखमाकाकांनी मासळी लिहिली, आंबा लिहिला. मलेरिया लिहिला का? तिकडचा मलेरिया आपल्यासारखा हिव भरून उतरणारा नसतो, माणूस दोन दिवसांत हाताबाहेर जातो. आणि दर नोव्हेंबरला पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तुम्ही जिवंत आहात हे तिकडून कोण लिहून देणार, आणि इथला साहेब ते मानणार का?

पण हे सगळं मी वरवरचं लिहितेय. मला विचारायचं आहे ते वेगळंच आहे. 

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. तुम्ही आणि आई, आणि आई गेल्यावर तुम्ही एकटे, दर महिन्याला आलात. करवंदं आणलीत, वालाच्या शेंगा आणल्यात. ओटीवर बसून महेंद्रशी तासभर बोललात. आणि मी ताटं घ्यायला लागले की तुम्हाला शहापूरची एस.टी. आठवली. जेवण सोडा, चहाचा घोटसुद्धा कधी घेतला नाहीत. पाणीसुद्धा पिशवीतल्या तुमच्या बाटलीतलं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, ही रीत मला माहीत आहे. पण आपण धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले, असं तुम्हीच छाती काढून सांगता. मग एवढी एक रीत कशी शिल्लक राहिली?

मी दुसऱ्यांची बाळंतपणं करते. त्या घरांतल्या म्हाताऱ्या मला पाटावर बसवून वाढतात. मग मी घरी येते, आणि तुम्ही ओटीवरून उपाशी उठून जाता. माझ्यात काय उणं आहे ते तुम्ही दर महिन्याला न बोलता सांगून जाता, असं मला वाटतं. आता त्यापायी समुद्रापलीकडे निघालात का? हे लिहायला मला नऊ वर्षं लागली, तेव्हा उत्तर द्या.

संघरत्ना


भातसानगर,
२ जून १९९६

संघू,

परवा निरोप झाला. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ लावायला आता भिंत नाही, म्हणून ते तुझ्याकडे घेऊन येतोय. साहेब बोलले की केरूनं इतक्या पावसाळ्यांत एकदाही भोंगा दिल्याशिवाय गेट उचललं नाही. खरं आहे ते. खालच्या गावांना आधी सांगायचं आणि मग पाणी सोडायचं, एवढंच तर काम होतं.

तुझं पत्र आल्यापासून रोज उत्तर लिहायला बसतो. तू विचारलंस ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि तोंडानं बोलण्यासारखं तर त्याहून नाही. जावयांनी चुना मारला हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

बारा तारखेचं विमान आहे. रविवारी निरोप घ्यायला येऊन जाईन. ओटीवरच बसेन, रागावू नको.

आबा


लखमाच्या घरून, गांबिया,
४ ऑगस्ट १९९६

संघू,

पोचल्याचं कार्ड मिळालं असेल. आता जरा सवडीनं लिहितो.

देश म्हणजे एक नदी आणि तिचे दोन काठ, बाकी काही नाही. पाऊस आपल्यापेक्षा उशिरा येतो आणि एकदा आला की गडगडाटच फार. भाताचं सगळं काम बायका करतात. पाठीला पोर बांधून चिखलात आवण लावतात. पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजायचा, हे त्यांना ठाऊक नाही. मी लखमाच्या बायकोला, फातूला, ते हातवारे करून सांगायला गेलो, तर तिला वाटलं मी शेत पेटवून द्या म्हणतोय. भात निसवला की नदीतून पाणघोडे येऊन खाऊन जातात, म्हणून डबे बडवत राखण करतात. आपल्याकडे रानडुकरं, इथं हे.

स्वस्ताई लखमानं लिहिली होती तशीच आहे, उलट कमीच लिहिली होती. मासळी ताजी, मोठी, आणि घासाघीस न करता मिळते. मी दुकानात त्याला पंप खोलायला मदत करतो. लखमा मात्र मराठी विसरत चाललाय. परवा "पाना" शब्द त्याला आठवेना, मग आम्ही दोघं खूप हसलो आणि नंतर मी त्याला पेटीतल्या हत्यारांची नावं एकेक सांगत बसलो.

माणसं फार मायेची. जेवण एका मोठ्या परातीत, भोवती सगळ्यांनी बसायचं. तुम्ही रस्त्यानं चाललात आणि कुणाचं जेवण चालू असलं तर ते हाक मारतात. ओळख असो नसो, बसायचं आणि हात घालायचा. नाही म्हणणं वाईट दिसतं. मी आता गल्लीतल्या निम्म्या घरांत जेवलो असेन. सगळे मला "पापा केरू" म्हणतात.

दोन खोल्या बघितल्या, चांगल्या आहेत. भात कापणीपर्यंत हो की नाही सांगा, असं घरवाला म्हणतो. माझं मन होकाराकडे झुकतंय. मधे चार दिवस अंग कसकसलं होतं, आता ठीक आहे. काळजी करू नको.

आबा


मुरबाड,
१ सप्टेंबर १९९६

आबा,

आधी तापाचं. अंग कसकसलं म्हणजे काय, थंडी वाजून आली होती का, रोज येत होता की एक दिवसाआड, लघवीचा रंग कसा होता, सगळं लिहा. सोबत दिलेल्या गोळ्या घेता का? तुम्ही "ठीक आहे" लिहिलं की मला धडकी भरते. आईच्या वेळीही शेवटपर्यंत तुम्ही ठीक आहेच म्हणत होता.

आता दुसरं. तुमचं पत्र मी महेंद्रना मोठ्यानं वाचून दाखवत होते. पाणघोड्यांवर ते हसले. मग परातीचं आलं आणि मला पुढं वाचता येईना. बाकीचं त्यांनी वाचलं. गल्लीतल्या निम्म्या घरांत जेवलात, आबा. नावगाव माहीत नाही त्यांच्या परातीत हात घातलात, कारण नाही म्हणणं वाईट दिसतं. माझ्याकडे नऊ वर्षं नाही म्हणालात ते कसं दिसलं असेल? तुम्ही तिथं पोटभर जेवता याचा मला आनंद व्हायला हवा. झाला नाही. मी रात्रभर रडले आणि सकाळी डोळे सुजलेले घेऊन एका पोरीचं बाळंतपण करून आले.

म्हणून जे तुमच्यापासून लपवलं होतं ते आता सांगून टाकते. तुम्ही गेलात त्याच महिन्यात ठाण्याच्या डॉक्टरांनी शेवटचे रिपोर्ट बघून स्पष्ट सांगितलं. आम्हाला मूल होणार नाही. पुढं कधीही नाही. महेंद्र त्या दिवशी गाडीवर गेले नाहीत, आम्ही दोघं दिवसभर घरात बसून होतो. तुम्हाला परदेशात कशाला त्रास द्यायचा म्हणून लिहिलं नाही.

तेव्हा तुम्ही जर नातवाची वाट बघत असाल, तर आता बघू नका. या घरात तो दिवस येणार नाही. हे समजून मग त्या घरवाल्याला हो म्हणायचं की नाही ते ठरवा. मी पुन्हा या म्हणणार नाही.

संघरत्ना


मुरबाड,
२ नोव्हेंबर १९९६

आबा,

दोन महिने झाले, तुमची एक ओळ नाही. मी जे लिहिलं त्याचा राग आला असेल तर रागाचं पत्र पाठवा, पण पाठवा. 

काल लखमाकाकांनी दिलेल्या नंबरावर बाजारातल्या बूथवरून फोन लावला. कितीतरी वेळानं एका बाईनं उचलला. मी नुसतं "केरू, केरू" म्हणत राहिले. ती खूप काही बोलली. अगदी हळू, समजुतीच्या आवाजात बोलत होती. मी माणसांच्या घरी वाईट बातमी सांगायला जाते तेव्हा माझा आवाज तसा असतो. मग लाइन तुटली. पुन्हा लागली नाही. बूथवाल्यानं मला स्टुलावर बसवलं, महेंद्र डेपोतून आले आणि घरी घेऊन आले.

बँकेत गेले होते. त्यांनी हयातीचा दाखला मागितला. तो बाबू बिचारा सहजच विचारत होता, वडील आहेत ना? मी हो म्हटलं आणि घाईनं बाहेर आले.

महेंद्र पासपोर्टची चौकशी करतायत. ते स्वतः तिकडे येईन म्हणतात. आबा, तुम्ही तिथंच राहा, हवं तर कायमचे राहा, मी एका शब्दानं बोलणार नाही. फक्त आहात एवढं कळवा.

संघू


गांबिया,
२४ नोव्हेंबर १९९६

संघू,

मी आहे.

तुझा फोन फातूनं घेतला होता. मी आता उठून बसतो, पेज पितो, असं ती तुला सांगत होती. तुला ते कसं कळणार? ताप डोक्यात गेला होता. बरेच दिवस इस्पितळात होतो, त्यातले थोडेच आठवतात. लखमा दुकान बंद करून उशाशी बसायचा. तुझं सप्टेंबरचं पत्र त्यानं आधी दिलंच नाही, बरा झाल्यावर दिलं. नोव्हेंबरचं काल आलं. तू म्हणालीस तसाच मलेरिया होता. गोळ्या मधे चुकल्या होत्या.

आता तुझं उत्तर देतो. पडल्या पडल्या हेच जुळवत होतो.

पहिल्या वर्षी आम्ही जेवलो नाही ते सवयीनं. सगळे पाळतात म्हणून आम्हीही पाळलं, त्यात अक्कल लावली नाही. दुसरं वर्ष गेलं, तिसरं गेलं. मग मी तुझ्या आईला म्हणालो की हे आता पुरे, पोरगी ताट घेऊन उभी राहते ते बघवत नाही. तेव्हा गोजा म्हणाली, "आता जेवलो तर तिला वाटंल, आयबापानी आशा सोडली. आपून नाय जेवायचा." मला ते पटलं. दर वेळी उपाशी उठताना आम्हाला वाटायचं की आपण तुला सांगतोय, होईल गो, अजून होईल. तू त्याच्या बरोबर उलटं वाचत होतीस, हे आम्हा दोघांच्या डोक्यातही आलं नाही.

ती गेली आणि मी एकटा उरलो. तुझ्या ताटावर बसायचं म्हणजे तुला तोंडावर सांगायचं, बाई, आता नाही. ते माझ्या हातून होईना. आणि तुझ्याकडे राहायला यायचं म्हणजे पहिल्याच दिवशी जेवायला बसावं लागणार. म्हणून मी लखमाच्या पत्रांना उत्तरं द्यायला लागलो. स्वस्ताई खोटी नव्हती. पण मी काटकसरीत वाढलेला माणूस, शहापुरातही एका खोलीत भागवलं असतं. तिथून तू फार जवळ होतीस. 

परक्यांच्या परातीत हात घालताना मला काहीच जड गेलं नाही, कारण तिथं त्याचा काही अर्थ होत नव्हता.

डॉक्टरांनी तुला सांगितलं तेव्हा मी इथं पाणघोडे बघत होतो, याचं मला फार वाईट वाटतं. तू एकटीनं नाही, जावयांबरोबर ते सोसलंस, एवढंच बरं.

घरवाल्याला अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. आधी येतो. अठरा डिसेंबरचं तिकीट लखमानं काढलंय. तुझ्या घरी बसून जेवतो. मग पुढचं बघू.

आबा


मुरबाड,
५ जानेवारी १९९७

लखमाकाका, रामराम.

आबा सुखरूप पोचले. तुम्हाला लगेच लिहायला हवं होतं, पण मला दोन आठवडे त्यांच्याकडे नुसतं बघत बसावंसं वाटत होतं. विमानतळावर मी त्यांना ओळखलंच नाही. सदरा अंगावर लोंबत होता. महेंद्रनी ओळखलं आणि धावत जाऊन त्यांची बॅग घेतली. मी तपासून घेतलं, रक्त फार कमी झालंय, प्लीहा अजून हाताला लागते. रात्री दोनदा उठून त्यांचं कपाळ बघते. तुम्ही आणि फातूकाकूनं त्यांना वाचवलंत. ती फोनवर काय बोलली ते मला आता कळलंय, तिला माझा नमस्कार सांगा.

ते निघताना तुम्ही त्यांना विचारलं होतं म्हणे, की जागा धरून ठेवू का. त्याबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत, मीही विचारलेलं नाही. तुम्हाला पहिल्या दिवसाचं सांगते, तुमचं तुम्हीच काय ते समजा.

घरी आल्यावर ते सवयीनं ओटीवरच बसले. मी भात, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी केली होती. दुपार टळली तरी ते महेंद्रशी गाडीच्या इंजिनाबद्दलच बोलत होते. मला वाटलं, आता यांना शहापूरची एस.टी. आठवणार. मी बोलवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आत तीन ताटं मांडून नुसती बसून राहिले. बाहेरचं बोलणं थांबलं. मग चपला काढल्याचा आवाज आला. ते मोरीत हातपाय धुऊन आले आणि भिंतीकडच्या ताटावर बसले.

मी वाढलं. त्यांनी भात कालवला, एक घास खाल्ला, आणि खाली मान घालून तसेच थांबले. मला वाटलं, आईची आठवण झाली, आता उठतील. महेंद्रनीही हातातला घास परत ताटात ठेवला.

आबा म्हणाले, "संघे, बिरड्यात मीठ नाय गो."

खरंच नव्हतं. घाईत घालायचंच राहून गेलं होतं. मला हसू आलं, आणि हसता हसता असं रडू फुटलं की जागचं उठवेना. महेंद्र माझी पाठ थोपटत बसले. आबांनी आमच्याकडे जरा वेळ बघितलं, मग उष्टा हात तसाच धरून उठले, स्वयंपाकघरात गेले, फळीवरचे दोनतीन डबे डाव्या हातानं उघडून बघितले आणि मीठ घेऊन आले.

तुमची,
संघरत्ना